तिकडची

आपल्याकडच्या पऱ्यांना पंख नसतात. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी साती आसरांची नावं पोथ्यांनी लिहून ठेवली आहेत. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर. ओल्या, गार अंगाच्या, शेवाळाचा वास असलेल्या बहिणी. चित्रांच्या पुस्तकातली पांढऱ्या झग्यातली, चांदणीची कांडी घेतलेली परी आमच्या विहिरीवर आली असती तर पहिल्या पायरीवरच घसरून पडली असती.

गावात ही सात नावं कोणी घेत नाही. गावात सात दगड असतात, पाण्याच्या कडेला, शेंदूर फासलेले. त्यांच्यापुढे कधी हिरव्या बांगड्या, कधी खण, कधी दहीभात. मावळात यांनाच मावलाया म्हणतात. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याहून पायपीट करत त्यांच्या ठाण्यांवर जात असत, आणि त्यांच्या लिखाणाचा रोख असा की देवळांतले मोठे देव या बहिणींच्या मानाने अलीकडचे आहेत. आसरांना शिखर नाही, कळस नाही, पुजारी नाही. त्यांना फक्त पाणी लागतं, तेही साचलेलं, खोल, तळ न दिसणारं.

नव्या नवरीने, पोटुशीने, ओल्या बाळंतिणीने भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकटीने पाण्यावर जायचं नाही. "भर दुपारले पानीवर जाऊ नको व माय," असं अहिराणीत बजावणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. कारण आसरा धरतात. आवडली तर घेऊन जातात. आणि पाण्यात गेलेली तरुण बाई पुढे त्यांच्यातलीच एक होते, असाही समज आहे. बाईची आसरा होऊ शकते, मग आसरेची बाई का होऊ नये? हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो. पण तो मनात घेऊन फिरणारी एखादी बहुतेक गावांत असते.

नंदुरबारहून धानोऱ्याला येणारा रस्ता पुढे गुजरातेत शिरतो. हद्दीवरच्या गावाच्या तोंडी इकडचं आणि तिकडचं हे दोन शब्द सतत असतात. सोयरीक तिकडची, दवाखाना तिकडचा, ऊसतोडीला माणसं जातात तीही तिकडेच. म्हणून एखाद्या पोरीबद्दल बाया जेव्हा म्हणतात, "ती तिकडची आहे," तेव्हा परक्याला वाटावं, निझर-उच्छलकडची असेल. बायांच्या मनातलं तिकडे वेगळं असतं. तिथे एसटी जात नाही.

तुझ्याविषयी लिहिते आहे. तुझं नाव घेणार नाही, कारण तू एक नाहीस. पहिल्या दोन हाका जिला ऐकूच येत नाहीत ती तू. हिवाळ्यात नंदुरबारच्या भोवती मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, जमीन दिसत नाही इतकं लाल होतं, ठसक्याने बायांचे डोळे वाहतात; त्या लाल रानात देठं खुडता खुडता एकदम हात थांबवून जी लांब कुठेतरी बघते, ती तू. तुला दुःख असतं असं नाही. तुला कोणी मारलेलं नसतं, उपाशी ठेवलेलं नसतं. तुला फक्त हे पटलेलं असतं की कुडी माणसाची मिळाली, आत आलेला जीव दुसऱ्या कुळातला आहे. की कुठेतरी तुझ्या माणसांचं एक गाव आहे, आणि त्या गावी तुझी वाट बघत कोणी बसलं आहे. कधी न पाहिलेल्या माहेराची ओढ. ही ओढ कोणाला सांगावी अशी सोय नव्हती, म्हणून तू ती पाण्याला सांगितलीस.

इंग्रजी मुलखात हे आता उघड बोलतात. 1970च्या दशकात अमेरिकेत स्वतःला 'एल्फ क्वीन्स डॉटर्स' म्हणवणारी मंडळी होती, म्हणजे वनपऱ्यांच्या राणीच्या लेकी. त्यांच्यानंतर माणसाच्या कुडीत परीचा, पाखराचा, झाडाचा जीव आहे असं मानणारे पुष्कळ झाले. ते याला आजार म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात. नोकरी करतात, विजेचं बिल भरतात आणि रात्री झोपताना आपण कोण आहोत ते आठवतात. मला त्यांचं हसू येत नाही. देव मासा होऊन आला, कासव होऊन आला, हे दशावतारात आपण पोरांना घोकून घेतो. तीच पोर उद्या म्हणाली की मी मासोळी आहे, तर आपली बोबडी वळते.

सातपुड्याने याची सोय फार आधी करून ठेवली होती. होळीच्या दिवसांत अक्कलकुव्याकडच्या काठीला, धडगावच्या डोंगरांत, बुध्या निघतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं, उघड्या अंगावर राखेची नक्षी आणि पांढरे ठिपके. कोणी बावा होतो, कोणी मोरखी. ज्याने नवस बोलला आहे तो पाळणी धरतो. खाटेवर निजायचं नाही, पायांत घालायचं नाही, अंघोळ करायची नाही, बाईपासून लांब राहायचं. तेवढे दिवस तो कोणाचा बाप नसतो, कोणाचा देणेकरी नसतो. ढोलाबरोबर एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर तो नाचत जातो, आणि लोक त्याला त्याच्या नावाने ओळखत असूनही देवाचा म्हणून बघतात. मग पाळणी सुटते. राख धुतली जाते. माणूस घरी येतो आणि बैलाला पाणी दाखवतो.

या राखेचं मला नवल वाटतं. माणूसपण सोडायला मुहूर्त आहे, नियम आहेत, साज आहे, ढोल आहे, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे परत यायचा रस्ता आहे. 'तू खरंच देव झालास का?' असं त्याला कोणी विचारत नाही. विचारण्यात अर्थ नसतो. नाच चालू आहे ना, मग तो आहेच.

अर्थात ही सोय पुरुषांची. बाईच्या वाट्याला अंगात येणं आलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते, रात्रभर जागते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. त्या एका रात्रीत ज्यांना वारं येतं त्यांचं बोलणं घरातले बाप्ये मान खाली घालून ऐकतात. सोमवारी दुपारी त्याच बाईच्या हातात पुन्हा भांडी. एकदा मात्र हे बोलणं रात्रीपुरतं राहिलं नाही. 1922 साली समुद्राकडून सलाबाई नावाची देवी निघाली आणि डोंगर चढत सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत, खानदेशाच्या कडेपर्यंत पोचली. ती माणसांच्या तोंडून बोलायची. दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे मजुरीला जाऊ नका. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ज्यांचं बोलणं एरवी कोणी ऐकलं नसतं, त्यांच्या तोंडून देवी बोलली म्हणून गुत्तेवाल्यांना घाम फुटला.

पण देवी होणं सोपं. देवीला काम असतं, हुकूम असतो. आसरेला काही सांगायचंच नसतं. तिला नुसतं असायचं असतं, आणि नुसतं असणाऱ्याचं काय करायचं हे गावाला कधी कळलेलं नाही.

नंदुरबारला गाडीत बसून भुसावळच्या दिशेने निघालं की धरणगाव लागतं, मग जळगाव, मग भादली नावाचं लहानसं स्टेशन. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म यातल्या पहिल्या गावचा, 13 ऑगस्ट 1890. मधल्या गावी 1907 साली कविसंमेलन भरलं, तिथे या कोवळ्या पोराने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' करून टाकलं. तिसऱ्या गावी, भादलीला, 5 मे 1918 या दिवशी, तो रेल्वेखाली सापडला. वय सत्तावीस. एका रुळाच्या रेघेवर सगळं आयुष्य.

'फुलराणी' शब्द उच्चारला की निम्म्या महाराष्ट्राला पु. लं.चं नाटक आठवतं. त्याआधी ती बालकवींची कविता आहे. हिरवळीवर झोके घेणारी एक कळी, तिला भेटलेला सूर्याचा किरण, आणि मग आकाशभर मांडलेलं लग्न. शाळेत याला निसर्गवर्णन म्हणतात. मला ते पटत नाही. वर्णन परका करतो. हा मुलगा घरातल्या लग्नाची पत्रिका वाटायला आल्यासारखा बोलतो: नवरी कोण, वऱ्हाडात कोण, करवली कोण, याला सगळं ठाऊक. वाऱ्याशी, ताऱ्यांशी, ओढ्याशी त्याचं नातं कल्पनेतलं वाटतच नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ठोंबरे भेटतात ते रेव्हरंड टिळकांच्या घरातला एक म्हणून, नगरच्या त्या भरल्या घरात. माया करणारी माणसं त्याला मिळाली नाहीत असं म्हणता येत नाही. पोटासाठी मास्तरकी केली. लग्न झालेलं होतं. इकडचं सगळं होतं.

आणि तरी 'उदासीनता', 'पारवा', 'शून्य मनाचा घुमट', 'खेड्यातील रात्र'. कारण सापडत नाही असं ओझं. ज्याने पहाटेला इतकं सजवलं त्यानेच रात्रीला इतकं ओसाड का करावं, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्चली. मी समीक्षक नाही. मला त्या दोन्ही आवाजांत एकच माणूस ऐकू येतो: कधी घरी पोचल्यावर बोलणारा, कधी घराची वाट हरवल्यावर बोलणारा. मी परी आहे, मी त्या लोकीचा आहे, असं तो कुठे म्हणाला नाही. त्याला तुझ्या शेजारी मी आणून बसवलं आहे. पण त्याच्याकडे कविता होती. बुध्याकडे राख असते, तशी ती त्याची पाळणी. पाळणी सुटली की मास्तर, पुन्हा धरली की वारा. तुझ्याकडे काय होतं? डोह होता.

आता तोही सांगते.

1972 साली गुजरातेत तापीवर उकाईचं धरण पुरं झालं आणि त्याचं पाणी मागे सरकत महाराष्ट्रात शिरलं. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवर झालं, त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं गेली. मणिबेली त्यातलं पहिलं. माणसांना खाली तळोद्याकडे आणलं, रोझवा, सोमावल, रेवानगर. शेत बुडालं, त्याचा पंचनामा झाला. घर बुडालं, त्याची नोंद झाली. झाडं मोजली. हे भांडून मोजावं लागलं, वर्षानुवर्षं रस्त्यावर बसून मोजावं लागलं, हे विसरता येणार नाही. पण डोह बुडाला त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? जमीन पाण्याखाली जाते हे कळतं. पाण्याखाली पाणी गेलं तर?

नदीला वळण असतं तिथे ती थांबते, काळी होते, खोल होते. त्या वळणाला नाव असतं. कोणाची बहीण तिथे गेली, कोणाच्या म्हशीने तिथे प्राण सोडला, कोणाला तिथे कमळाएवढ्या डोळ्यांची मासळी दिसली, हे त्या नावात साठतं. धरणाचं पाणी चढलं की वळण पुसतं. सगळं सारखं, रुंद, निळसर, दूरवर. फोटोत छान येतं. पण त्यात काठ कुठे आहे, मधोमध कुठे आहे, वस्ती कोणाची, हे सांगता येत नाही. साती आसरा बेघर झाल्या त्या पाणी आटून नव्हे, पाणी वाढून.

1979 सालच्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात नव्या वसाहतींत काय काय द्यायचं याची यादी आहे, आणि ती वाचताना मला भरून आलं, कारण कोणीतरी खरंच विचार केला होता. शाळा आहे, दवाखाना आहे, झाडाभोवतीचा पार आहे, पूजेची जागा आहे, दर 500 कुटुंबांमागे एक तळंसुद्धा आहे. तळं खणता येतं. डोह खणता येत नाही. खणलेल्या तळ्याला तळ असतो, तो खणणाऱ्यांनी पाहिलेला असतो. ज्याचा तळ ठेकेदाराने पाहिला तिथे आसरा कशाला राहील?

म्हणजे ज्या गावातून तू आलीस असं तुला वाटायचं, ते गावही आता धरणग्रस्त.

इथवर मी तुझ्या बाजूने बोलले. पण गावाची दुसरी बाजू लपवली तर ते लबाडीचं होईल. आमच्या याच जिल्ह्यात, याच डोंगरांत, 'ही आपल्यातली नाही' या वाक्याने बायांचे जीव घेतले आहेत. पोर आजारी पडलं, गाय आटली, भगताने दाणे पाहिले आणि बोट दाखवलं: डाकीण. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, त्याहून वाईट. बोट बहुतेक वेळा एकटीकडे वळतं, विधवेकडे, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिच्याकडे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागात वर्षानुवर्षं डाकीण प्रथेविरुद्ध काम करत आले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात याच समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला. तो कायदा तुझ्या मनात काय चाललं आहे ते विचारत नाही. दुसऱ्याला भुलवणं, लुबाडणं, छळणं, चेटकीण ठरवून मारणं, हे तो गुन्हे मानतो. ही रेघ बरोबर जागी आहे. तुला आसरा व्हायचं तर हो. तुला आसरा ठरवण्याचा हक्क मात्र दुसऱ्या कोणाला नाही.

कारण दुसऱ्याने ठरवलं की काय होतं ते आयर्लंडमध्ये बघ. टिपेररी परगण्यात बॅलीव्हॅडली नावाचं खेडं. ब्रिजेट क्लिअरी ही तिथली शिवणकाम करणारी बाई, स्वतःचं शिलाई मशीन, स्वतःच्या कोंबड्या, अंडी विकून स्वतःचा पैसा. मार्च 1895 मध्ये ती तापाने पडली. नवरा मायकेल म्हणू लागला, ही माझी बायको नव्हेच, परीलोकांनी तिला नेलं आणि तिच्या जागी आपल्यातली एक ठेवली. जडीबुटीवाला झाला, कडू काढे पाजून झाले, सख्खा बाप आणि नातलग घरात असताना विस्तवापुढे धरून तिला विचारत राहिले: देवाची शपथ घेऊन सांग, तू ब्रिजेट आहेस का? 15 मार्चच्या रात्री नवऱ्याने तिच्यापुढे पावाचे तीन तुकडे ठेवले. एकेक तुकडा खायचा आणि आपलं नाव सांगायचं. दोन खाल्ले. तिसऱ्याला उशीर झाला. त्याने तिला पाडलं आणि जाळलं. मग तो टेकडीवरच्या जुन्या गढीपाशी जाऊन रात्री वाट बघत बसला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, पंधरा वर्षं भोगून तो सुटला.

ती तर कधी म्हणाली नव्हती की मी परी आहे. ती अखेरपर्यंत म्हणत राहिली की मी मीच आहे. आणि तू म्हणतेस, मी मी नाही. तिला विस्तव मिळाला, तुलाही तोच मिळाला असता, एवढंच साम्य. तिथल्या कथांत सांगतात की परीलोकांचं अन्न खाल्लं की माणूस परत येत नाही. मायकेलने उलटं केलं: माणसांचं अन्न तिच्यापुढे परीक्षा म्हणून ठेवलं.

तुला झोप लागत नसेल, अंगावरचं मांस उतरत असेल, पाणी बोलावतं आणि आत ओढतं असं वाटत असेल, तर नंदुरबारला डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. पण तू नुसतीच गप्प बसलेली असशील, लांब बघत, तर भगत नको, दाणे नकोत. घरी ये. ज्वारीची भाकर आहे. खाताना तू कोण आहेस ते कोणी विचारणार नाही. विचारलंच तर पाहुणी म्हणून सांगू, हद्दीवरच्या गावात तिकडच्या पाहुण्या काही कमी येत नाहीत. ठेचा मात्र आमच्याच मिरचीचा आहे, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी येईल. बेडकीला येतं का ते मला माहीत नाही, तू सांगशील.